सहा राजमुकुटांची प्रजा : कॉर्नेलिया सोराबजी



जबलपूरच्या ज्या विजय नगर वसाहतीत बसून मी हा लेख लिहीत आहे, तेथून शहराच्या जुन्या भागाकडे गेले की व्हिक्टोरिया टाउन हॉल म्हणून उभारलेली एक इमारत लागते. आज ती गांधी भवन या नावाने ओळखली जाते. राणीचे नाव जाऊन महात्म्याचे नाव येणे, हा आपल्या देशातील कितीतरी इमारतींचा इतिहास आहे. या इमारतीचा मात्र त्याहून थोडा अधिक आहे. १९२३ साली हिच्यावर चरख्याचा झेंडा फडकविण्यावरून झेंडा सत्याग्रहास तोंड फुटले आणि पुढे तो नागपुरात पसरला. जबलपुरात राहणाऱ्या हिंदी कवयित्री सुभद्राकुमारी चौहान यांनी त्या सत्याग्रहात नागपुरास अटक करवून घेतली. त्यांनी तेव्हा वयाची विशीदेखील गाठली नव्हती.

त्याच १९२३ साली लंडनमध्ये, लिंकन्स इन या वकिलांच्या जुन्या संस्थेत, एका भारतीय ख्रिस्ती स्त्रीने बॅरिस्टरचा झगा अंगावर घेतला. तिचे वय छप्पन्न होते. नाशिकला जन्मलेली, बेळगावात व पुण्यात वाढलेली ही स्त्री म्हणजे कॉर्नेलिया सोराबजी. ज्या झेंड्यासाठी सुभद्राकुमारी तुरुंगात गेल्या, तो झेंडा कॉर्नेलियाबाईंना कधीच आपला वाटला नाही. त्यांचा राजा लंडनला होता, आणि त्याच्यावरील त्यांची निष्ठा अखेरपर्यंत ढळली नाही.

आपल्या लोकांत कॉर्नेलियाबाईंचे नाव निघते ते बहुधा पहिलेपणाच्या यादीत. डेक्कन कॉलेजातील पहिली विद्यार्थिनी, मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर, ऑक्सफर्डला कायदा शिकलेली पहिली स्त्री, भारतातील पहिली स्त्री वकील. ही यादी वाचून झाली की विषय संपतो, आणि उरलेले अर्धे आयुष्य आपण संकोचाने गुंडाळून ठेवतो. ते अर्धेही मला आपणांपुढे मांडावयाचे आहे. या देशात ख्रिस्ती माणसाला त्याची निष्ठा नेमकी कोठे आहे हा प्रश्न वारंवार विचारला गेला आहे, आणि त्या प्रश्नाची सर्वांत अवघड बाजू याच अर्ध्या आयुष्यात दिसते.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ चा. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी घराण्यातून ख्रिस्ती झालेले. १८३९ साली मुंबईत डॉक्टर जॉन विल्सन यांच्या प्रयत्नाने काही पारशी तरुणांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्या समाजात केवढे वादळ उठले हे मराठी मंडळीच्या इतिहासाच्या वाचकांस सांगावयास नको. ते वादळ शमले नव्हते तोच तरुण सोराबजींनीही ख्रिस्ताचा स्वीकार केला. घरादारास ते मुकले. त्यांच्या जिवावर बेतल्याच्या हकिगती त्या कुटुंबात पुढच्या पिढ्यांनाही सांगितल्या जात. ज्या चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर वसविले, तिच्या सेवेत ते पुढे होते. आई फ्रान्सिना ही फोर्ड नावाच्या इंग्रज दांपत्याने वाढविलेली भारतीय मुलगी. पालनकर्त्या लेडी फोर्ड यांचेच नाव तिने आपल्या या कन्येस दिले. फ्रान्सिनाबाईंनी १८७६ साली पुण्यात शाळा काढली आणि तिचे नाव ठेवले व्हिक्टोरिया हायस्कूल. निरनिराळ्या धर्मांची मुले तेथे एका बाकावर बसून शिकत.

वाचकहो, या घरात राणीविषयी जो भक्तिभाव होता त्यास केवळ लांगूलचालन म्हणून हसू नये. ख्रिस्ती झालेल्या मनुष्याचा वडिलार्जित मालमत्तेवरील हक्क बुडू नये, असा कायदा सरकारने १८५० साली केला. १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीने कोणासही धर्मावरून छळ सोसावा लागणार नाही, तसेच धर्मावरून कोणावर मेहेरनजरही होणार नाही, असे अभिवचन दिले. स्वतःच्या समाजाने बाहेर टाकलेल्या मनुष्याच्या लेखी हे शब्द कागदावरचे नव्हते. त्याच्या डोक्यावर राहिलेले छप्पर त्या शब्दांनी राखले होते. तेव्हा अशा घरातील मुलीने न्याय आणि राजसिंहासन यांस एकच मानले, यात नवल ते काय?

कायद्याकडे त्यांचे मन कसे वळले, याची हकिगत त्यांनी स्वतः आपल्या आत्मचरित्रात दिली आहे. लहान असताना आईकडे एक श्रीमंत गुजराती बाई आली. तिच्या कारभाऱ्याने तिच्याकडून एका कागदावर सही करवून घेतली होती, आणि त्या एका सहीने तिची सारी मिळकत त्याच्या घशात गेली होती. पुरुष वकिलाशी मोकळेपणाने बोलण्याची तिला सोय नव्हती. ती बाई रडून निघून गेली. पण अशा बायकांसाठी कोणी बाईच वकील असावी, हा विचार त्या मुलीच्या मनात रुजला तो कायमचा.

डेक्कन कॉलेजात त्या एकट्याच मुलगी. वर्गात येऊ नये म्हणून सहाध्यायी तोंडावर दार लावून घेत. तरीही १८८७-८८ च्या सुमारास त्या पहिल्या वर्गात पदवी परीक्षा उत्तीर्ण झाल्या. त्या गुणांवर इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळावयास हवी होती. ती नाकारण्यात आली, आणि कारण एकच : त्या स्त्री होत्या. काही काळ त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांना शिकविले. इकडे इंग्लंडमध्ये लेडी हॉबहाउस यांनी त्यांच्यासाठी वर्गणी गोळा केली. वर्गणीदारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचेही नाव होते. १८८९ साली कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डच्या समरव्हिल येथे दाखल झाल्या.

हा प्रसंग लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण त्यांच्या आयुष्यात तो पुनःपुन्हा घडणार होता. सरकारचा नियम दार लावी, आणि कोणी इंग्रज स्त्री किंवा पुरुष आपल्या वजनाने ते उघडून देई. ऑक्सफर्डलाही तेच झाले. बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट यांनी त्यांना मुलीसारखे वागविले व कायदा शिकण्याची वाट मोकळी करून दिली. ऑल सोल्स कॉलेजच्या कॉड्रिंग्टन ग्रंथालयात त्यापूर्वी कोणा स्त्रीस वाचावयास बसू दिलेले नव्हते. तेथे त्या बसल्या. १८९२ साली कायद्याच्या पदवी परीक्षेस त्यांना पुरुषांसमवेत बसू द्यावे की नाही, यावर विद्यापीठाला खास ठराव करावा लागला, तोही परीक्षेच्या अगदी तोंडावर. त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पदवी मात्र मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवी देतच नसे. तो नियम १९२० साली बदलला आणि कॉर्नेलियाबाईंच्या हाती ती पदवी १९२२ साली पडली. तीस वर्षांनी!

आता पाहा, या साऱ्याचा एका संवेदनशील मनावर काय परिणाम झाला असेल. अडविणारा नियम होता, म्हणजे कोणी एक व्यक्ती नव्हे; सोडविणारी मात्र नेहमी व्यक्ती होती, नाव असलेली, चेहरा असलेली, चहाला बोलावणारी. त्यामुळे ज्या व्यवस्थेने त्यांना तीस वर्षे ताटकळत ठेवले तिच्यावर त्यांचा राग कधी टिकला नाही, आणि त्या व्यवस्थेतील चांगल्या माणसांविषयीची कृतज्ञता मात्र आयुष्यभर पुरली. माझ्या मते त्यांच्या राजनिष्ठेचे खरे मूळ येथे आहे.

मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. केली, अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली. (पुण्यामुंबईकडून अलाहाबादेस, म्हणजे आजच्या प्रयागराजला, जाणारी आगगाडीची वाट आमच्या जबलपूरवरूनच जाते; मुंबईकडचा आणि कलकत्त्याकडचा लोहमार्ग १८७० साली येथेच एकमेकांस मिळाले.) परीक्षा उत्तीर्ण होऊनही सनद मिळाली नाही. १८९६ साली पुण्याच्या कोर्टात एका खुनाच्या आरोपीसाठी त्या उभ्या राहिल्या, ते सनदीच्या बळावर नव्हे. न्यायाधीशाच्या परवानगीने आरोपीतर्फे कोणाही व्यक्तीस बोलता येते, अशी सोय कायद्यात होती; तिचा त्यांनी आधार घेतला. ब्रिटिश हिंदुस्थानातील कोर्टात स्त्रीने काम चालविण्याचा हा पहिलाच प्रसंग समजला जातो.

संस्थानांत मात्र त्यांना काम करू दिले जाई. तेथील न्यायाचा मासला म्हणून त्यांनी सांगितलेली एक गोष्ट फार गमतीची आहे. एका हत्तीला पूर्वीच्या राजाने चाऱ्यासाठी वनाचे इनाम दिले होते आणि नव्या राजाने ते काढून घेतले. हत्तीची वकील म्हणून कॉर्नेलियाबाई उभ्या राहिल्या. न्यायाधीश कोण, तर तोच राजा! त्याने फारसे ऐकून न घेताच निकाल हत्तीच्या बाजूने दिला. कारण विचारता कळले की राजाच्या कुत्र्याला वकीलबाई आवडल्या होत्या. हा खटला त्या हसत सांगत. पण एका माणसाच्या लहरीवर चालणाऱ्या न्यायाची त्यांना मनातून धास्ती बसली असली पाहिजे. पुढे स्वराज्याचा विषय निघे तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे अशीच एखादी कचेरी उभी राहत असावी, असे मला वाटते.

त्यांच्या हातून घडलेले सर्वांत मोठे काम १९०४ मध्ये सुरू झाले. एखादा जमीनदार मरण पावला, मागे विधवा व अज्ञान वारस राहिले, तर ती जहागीर सरकार आपल्या देखरेखीखाली घेई. या खात्यास कोर्ट ऑफ वॉर्ड्स म्हणत. कलेक्टर कारभार पाही. पण ज्या बाईच्या नावे तो कारभार चाले ती पडद्याआड. तिला कलेक्टर पाहू शकत नसे, आणि ती कलेक्टरशी बोलू शकत नसे. मधे दिवाण, भाऊबंद, पुरोहित, दाया. पडद्याखालून एक हात बाहेर येई, कागदावर अंगठा उमटे, आणि तो हात मालकिणीचा की दासीचा हे कोणी सांगू शकत नसे. अशा स्त्रीने केलेला दस्त तिला समजावून सांगितला होता, हे सिद्ध करण्याचा भार ज्याचा त्यात फायदा झाला त्याच्यावरच राहील, असे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकालांमागून निकाल देऊन ठरविले होते. प्रिव्ही कौन्सिल म्हणजे कायद्याच्या भाषेत खुद्द राजाने आपल्या सल्लागारांसह केलेला न्याय. हिंदुस्थानातील हायकोर्टांवरचे शेवटचे अपील तेथे चाले, आणि ही व्यवस्था १९४९ पर्यंत टिकली. बिहारमधील एखाद्या कोंडलेल्या विधवेस राजा पंचम जॉर्ज कोण हे ठाऊक नसेल, पण तिचा शेवटचा आधार त्याच्या नावाने बसणारे न्यायाधीश होते.

तो आधार तिच्या ओसरीपर्यंत पोहोचावा कसा? कॉर्नेलियाबाई १९०२ पासून इंडिया ऑफिसकडे अर्ज करीत होत्या की या कामी एक स्त्री सल्लागार नेमावी. नेमणूक झाली ती त्यांचीच. बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम असा त्यांचा मुलूख. आगगाडी, होडी, पालखी, हत्ती, जे मिळेल त्यावरून त्या जात. जनानखान्यात बसून बायकांचे ऐकून घेत. दस्तऐवज वाचून दाखवीत. अज्ञान वारसाच्या जिवास धोका दिसला तर त्यास दूर शाळेत पाठविण्याची तजवीज करीत. वर्षानुवर्षे एकमेकींशी अबोला धरलेल्या सासूसुनांना एका चटईवर बसवीत. त्या पारशी धाटणीची साडी नेसत, आणि घरात शिरताना त्या घराच्या चालीरीती पाळत. त्यांनी कोणास धर्मांतराचा उपदेश केला नाही. ते आपले काम नव्हे, असे त्या मानीत. वीस वर्षांच्या आसपास चाललेल्या या कामात सहाशेहून अधिक स्त्रिया व अनाथ मुलांना त्यांनी मदत केल्याचे सांगितले जाते. १९०९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंदचे सुवर्णपदक दिले. हुद्दा व अधिकार यांवरून मात्र सरकारदरबारी त्यांना सतत झगडावे लागले. पदक चटकन मिळते, अधिकार मिळत नाही. ही तऱ्हा काही त्या काळापुरतीच नव्हती.

त्या काळचे राजवैभव कसे होते, हे डोळ्यांपुढे आणावयाचे तर १२ डिसेंबर १९११ चा दिल्ली दरबार आठवावा. ब्रिटिश राजा स्वतः येऊन हिंदुस्थानच्या भूमीवर बादशहा म्हणून सिंहासनावर बसला, असे पहिल्यांदा व शेवटचे त्याच दिवशी घडले. बंगालची फाळणी रद्द झाली, राजधानी दिल्लीस जाणार असे जाहीर झाले. आणि त्याच मंडपात बडोद्याचे सयाजीराव गायकवाड रिवाज मोडून एकदाच मान लवविते झाले व पाठ फिरवून चालू लागले. नंतर त्यांना खुलासा व माफी लिहून द्यावी लागली. पण बातमी व्हावयाची ती होऊन गेली. एका मराठी राजाने पाठ फिरविली, आणि नाशिकला जन्मलेली एक वकीलबाई त्याच सिंहासनाचे नाव घेऊन बिहार-बंगालच्या ओसऱ्या तुडवीत होती.

सारे ख्रिस्ती लोक कॉर्नेलियाबाईंच्याच बाजूचे होते, असे आपण समजू नये. दिल्लीला सेंट स्टीफन्स कॉलेजचे प्राचार्य सुशीलकुमार रुद्र यांच्या घरी गांधीजी उतरत. आपले नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली अमेरिकन मिशनची नोकरी सोडली आणि ज्या मंडळीची स्थापना केली, तिला नाव दिले देवाचा दरबार. दिल्लीचा दरबार होऊन सहा वर्षे झाली होती. टिळकांनी तो शब्द मुद्दाम निवडला की काय, हे मी सांगू शकत नाही. पण शब्दांचा धंदा करणाऱ्या माझ्यासारख्यास त्या दोन दरबारांतील अंतर जाणविल्यावाचून राहत नाही. पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करताना पेत्राच्या पहिल्या पत्रात राजाविषयी आदर बाळगण्याची आज्ञा येते तेथे माझे मन दर वेळी थबकते. मूळ ग्रीक शब्द राजा आणि रोमचा सम्राट या दोघांनाही चालतो. पेत्राच्या वाचकांवर राज्य करणारा सम्राट परका होता आणि तो त्यांचा छळही करू शकत होता. आदर दाखवावा, पण भय केवळ देवाचे धरावे, असा भेद प्रेषिताने त्याच वाक्यात केला आहे. कॉर्नेलियाबाईंनी हा भेद नीट पाहिला होता का? मला वाटते, त्यांनी राजाला थोडे अधिकच दिले.

महायुद्धानंतर दारे भराभर उघडू लागली. १९१८ साली इंग्लंडमध्ये तीस वर्षांवरील बऱ्याच स्त्रियांना मत मिळाले, १९१९ च्या कायद्याने वकिलीची मनाई उठली. हिंदुस्थानात मात्र १९१६ मध्ये कलकत्ता हायकोर्टाने रेजिना गुहा यांना, आणि १९२१ मध्ये पाटणा हायकोर्टाने सुधांशुबाला हाजरा यांना, केवळ स्त्री म्हणून परत पाठविले. त्याच १९२१ साली अलाहाबाद हायकोर्टाने कॉर्नेलियाबाईंचे नाव आपल्या वकिलांच्या यादीत घातले; पहिली परीक्षा देऊन वीसहून अधिक वर्षे लोटली होती. पुढे लंडनची बॅरिस्टरी, आणि १९२४ पासून कलकत्त्यास वकिली.

येथे एक गोष्ट आपण निसटू देऊ नये. देशभरातील स्त्रियांना वकिलीचा हक्क देणारा कायदा १९२३ साली झाला, तो मध्यवर्ती विधिमंडळात. म्हणजे १९१९ च्या सुधारणांनंतर ज्या सभागृहात निवडून आलेले हिंदी लोक बहुसंख्य होते, त्या सभागृहात. स्त्रियांवरील ही बंदी उठवावी म्हणून तेथे आवाज उठविणाऱ्यांत आमच्या शेजारच्या सागरचे डॉक्टर हरिसिंह गौर पुढे होते. हिंदी पुढाऱ्यांच्या हाती सत्ता गेली तर पडद्याआडच्या बाईस कोणी विचारणार नाही, अशी कॉर्नेलियाबाईंना भीती होती. आणि त्याच पुढाऱ्यांपैकी काहींनी त्यांच्या पेशाचे दार सर्व स्त्रियांना खुले केले. त्यांच्याबरोबर १९२३ मध्येच लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झालेल्या मिठन टाटा यांनी तर १९१९ मध्ये आपल्या आईसह लंडनला जाऊन हिंदी स्त्रियांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली होती. एकच समाज, एकच संस्था, एकच वर्ष. पण एकीची नजर भविष्याकडे लागली होती, दुसरीची आपल्या ऋणाकडे.

कॉर्नेलियाबाईंचे सर्वांत दुःखद पाऊल पडले १९२७ नंतर. कॅथरिन मेयो या अमेरिकन लेखिकेचे मदर इंडिया हे पुस्तक त्या वर्षी आले आणि देशभर संताप उसळला. हिंदी स्त्रीची हलाखी दाखवून हा देश स्वराज्यास नालायक आहे असे सुचविणारे ते लिखाण. कॉर्नेलियाबाईंनी मेयो यांना साहाय्य केले होते, आणि उघडपणे त्यांची बाजूही घेतली. त्यातील पुष्कळशी दुःखे त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, हे खरे. पण पंडिता रमाबाईंनी चाळीस वर्षांपूर्वी, १८८७ साली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयी इंग्रजीत पुस्तक लिहिले तेव्हा त्यांनीही हीच जखम उघडी केली होती. रमाबाईंनी ती औषध मागण्यासाठी दाखविली. मेयो यांनी ती रोग्याला बेड्या घालण्याचे कारण म्हणून दाखविली. हा फरक इतक्या तल्लख वकीलबाईस दिसू नये, याचे मला वाईट वाटते. त्याची किंमत त्यांनी लगेच मोजली. बंगालमध्ये स्त्रियांच्या समाजसेवेची जी संघटना त्यांनी परिश्रमाने उभी केली होती, तिच्यातून सहकारी निघून गेल्या. ज्यांच्या ओसरीवर त्यांना मान होता ती घरे बंद झाली. दृष्टीही काचबिंदूने मंदावत चालली होती. १९२९ च्या सुमारास त्यांनी वकिली आटोपली आणि लंडनला मुक्काम हलविला.

१९३१ च्या सप्टेंबरमध्ये गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला आले. नोव्हेंबरमध्ये पंचा नेसून ते बकिंगहॅम राजवाड्यात राजा पंचम जॉर्जला भेटले, ही कथा सर्वश्रुत आहे. कॉर्नेलियाबाईंनीही त्यांची मुलाखत घेतली. पुढच्या वर्षी ती अमेरिकेतील एका प्रतिष्ठित मासिकात प्रसिद्ध झाली. दोघे बॅरिस्टर, दोघांचेही पश्चिम किनाऱ्याशी नाते, आणि दोघांनीही आयुष्य दुबळ्यांसाठी वेचले. तरी त्या मुलाखतीत दोघांत मेळ बसला नाही. त्यांच्या दृष्टीने गांधीजी कायदा मोडावयास शिकवीत होते. आणि जिच्यापाशी कायद्याखेरीज दुसरे काहीच नाही अशा बाईचे मग काय, हा कॉर्नेलियाबाईंचा प्रश्न होता. प्रश्न खोटा नव्हता. पण जो कायदा त्या बाईस राखीत होता, तोच कायदा जबलपूरच्या टाउन हॉलवर झेंडा लावणाऱ्यांना तुरुंगात घालीत होता, हे त्यांनी कधी एकत्र ठेवून पाहिले नाही.

त्यानंतरची वर्षे लेखनात गेली. धाकटी बहीण सुझी, जिने पुण्यात सेंट हेलेनाज ही शाळा उभारली, १९३१ साली वारली. तिचे चरित्र त्यांनी १९३२ मध्ये लिहिले. इंडिया कॉलिंग हे आत्मचरित्र १९३४ चे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना, दृष्टी अधू झालेल्या या वृद्ध बाईने हिंदी सैनिकांच्या मदतीसाठी एक संग्रह संपादित केला. १९४३ मध्ये तो प्रसिद्ध झाला, क्वीन मेरीज बुक फॉर इंडिया या नावाने. क्वीन मेरी म्हणजे पंचम जॉर्जची विधवा राणी, जी १९११ च्या दरबारात राजाच्या शेजारी बसली होती. त्या संग्रहासाठी टी. एस. एलियट यांनी आफ्रिकेत मरण पावलेल्या हिंदी सैनिकांवर कविता लिहून दिली. साम्राज्य संपण्यास चार वर्षे उरली होती.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी त्या ऐंशी वर्षांच्या होत्या. जून १९४८ मध्ये राजा सहावा जॉर्ज याने हिंदुस्थानचा सम्राट ही पदवी सोडली. ज्या घराण्यावर त्यांनी जन्मभर निष्ठा ठेवली, त्याने त्यांच्या देशावरचा हक्क एका घोषणेने खाली ठेवला. व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, वर्षही न भरता सिंहासन सोडून गेलेला आठवा एडवर्ड, सहावा जॉर्ज आणि दुसरी एलिझाबेथ, असे सहा राजमुकुट त्यांनी पाहिले. ६ जुलै १९५४ रोजी लंडनला त्यांचे देहावसान झाले.

लिंकन्स इनमध्ये २०१२ साली त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला. त्यांची पत्रे, रोजनिशा आणि कामाचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. एरवी ज्यांचे नाव कोठेही उरले नसते, अशा बंगाल-बिहारच्या विधवांच्या हकिगती त्या कागदांत आहेत : कोणत्या राणीस दत्तक घेऊ दिले नाही, कोणाचे दागिने दिवाणाने नेले, कोणाच्या मुलास शाळेत धाडले, आणि कोण आपल्या घराच्या उंबऱ्याबाहेर आयुष्यात प्रथम पाऊल टाकून, बंद पालखीतून, कॉर्नेलियाबाईंना भेटावयास कलकत्त्यास आली.